सोळा पोती धूर

३ ऑक्टोबर

लाडक्या मावशीस,

तुझं पत्र मंगळवारी मिळालं. दोन पानं हवापाण्याची, अर्धं पान शेजाऱ्यांचं, आणि सगळ्यात शेवटी, कोपऱ्यात दाटीवाटीने, "यंदा तरी येतेस ना?" तुला विचारायचं होतं तेवढंच, हे मला कळतं. म्हणून मीही आधी तेवढंच लिहिते. यंदाही येत नाही गं.

तीन वर्षांपूर्वी मी विमानात न बसण्याचं ठरवलं, तेव्हा तू "बरं" एवढंच म्हणाली होतीस. कारण नीट सांगायचं राहूनच गेलं. आपण जे जाळतो, मग ते गाडीत असो, चुलीत असो की विजेच्या कारखान्यात, त्याचा धूर वर साठत जातो आणि सगळ्यांचं हवामान बिघडवतो. त्यातला माझा वाटा किती, हे मी मोजायला लागले. स्कूटर विकली, सायकल घेतली. मटण सोडलं. खोलीतला हीटर दोन अंशांनी उतरवला, वर स्वेटर घातला. कपडे जुन्या बाजारातून घेते. हे सगळं करून वर्षभरात जेवढा धूर वाचतो, तो तुझ्याकडे एकदा येऊन गेलं की संपतो, वर आणखी चढतो. मध्ये समुद्र आहे, त्यामुळे रेल्वे नाही, आणि माणसं नेणारी बोटही जात नाही.

मी एक तक्ता करून भिंतीला लावलाय. त्यात विमानाचा रकाना तीन वर्षं कोरा आहे. त्याच्याकडे बघून कधी बरं वाटतं, कधी नाही.

तुझा कान कसा आहे? नवं यंत्र लावतेस का? फोनवर तुला ऐकू आलं असतं, तर मी हे असं कागदावर कोरडं लिहिलं नसतं.

तुझी,
ठिणगी


१९ ऑक्टोबर

ठिणगे,

तुझं पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा चष्मा नव्हता म्हणून कळलं नाही. दुसऱ्यांदा कळलं आणि राग आला. तिसऱ्यांदा राग तसाच आहे का ते बघायला वाचलं. होता.

यायचं मन नसेल तर तसं लिही. मी एकाहत्तर वर्षांची आहे, एवढं ऐकायला माझा कान पुरेसा आहे. पण मला धुराचं कारण सांगू नकोस. तू सात वर्षांची असताना तुझी आई गेली आणि मी तुला इकडे आणलं. त्याआधी आणि त्यानंतर मिळून एकतीस वर्षं मी धुलाई कारखान्यातला बॉयलर चालवला. बॉयलर म्हणजे कोळसा आणि कोळसा म्हणजे धूर. तुझी फी, तुझे बूट, तुझा तो हट्टाने घेतलेला भूगोलाचा गोल, सगळं त्या भट्टीतून निघालं. शाळेतून आलीस की तू बॉयलरच्या खोलीत गरम भिंतीला पाठ लावून गणितं करायचीस. तिथेच तुला ठिणगी म्हणायला लागले सगळे. तुझ्या तक्त्यात हा माझा कोळसा कुठल्या रकान्यात मांडलास, ते कळव.

हे लिहून झालं आणि उठून खिडकीत जाऊन आले. आता जरा बरं आहे.

तू खोटं बोलत नाहीस, हे मला ठाऊक आहे. लहानपणी दूध सांडलं तरी आधी येऊन सांगायचीस आणि मग फडकं शोधायचीस. म्हणून एक विचारते. इकडे येऊन परत जायचं, एका माणसाचा धूर, म्हणजे किती? ते टनबिन मला सांगू नकोस. कोळशात सांग. पन्नास किलोची किती पोती?

कान आहे तसाच आहे. यंत्र कपाटात आहे आणि खुशाल आहे.

मावशी


२ नोव्हेंबर

मावशी,

तुझ्या कोळशाचा रकाना मी केलाच नाही. कधी सुचलंच नाही असं म्हणाले असते, पण ते खोटं होईल. सुचलं होतं. त्या रकान्यात काय लिहायचं ते कळेना. माझं शिक्षण, माझी नोकरी आणि तो तक्ता करण्याची अक्कलसुद्धा त्याच भट्टीवर शिजली आहे. तू रागावलीस ते बरोबर केलंस.

तुझा हिशेब: सोळा पोती. थोडी वर, पण सोळा धर.

आता जे मागे लिहिलं नाही ते लिहिते. सुरुवातीची वर्षं मी मजेत विमानाने येत होते, आठवतं ना? कारण मी धूर "भरून काढत" होते. आमची कंपनी तेच तर करते. तुम्ही विमानात बसा, आम्हाला थोडे पैसे द्या, आम्ही तुमच्या नावाने झाडं लावतो, ती तुमचा धूर पिऊन टाकतात, हा घ्या दाखला. ती झाडं खरंच आहेत का, हे कागदांवरून आणि आकाशातून घेतलेल्या फोटोंवरून तपासणं हे माझं काम. माझ्या स्वतःच्या प्रवासाचे चार दाखले मी फ्रेम करायचे बाकी ठेवले होते, एवढंच.

तीन वर्षांपूर्वी सुट्टीत, जिथे माझ्या दाखल्यांची झाडं लावली होती त्या डोंगरावर मी बसने गेले. कागदावर चाळीस हजार रोपं. तिथे उतारावर ओळीने वाळक्या काड्या उभ्या होत्या, प्रत्येकीला निळी चिठ्ठी. एक बाई शेळ्या चारत होती. मी विचारलं, झाडं कधी गेली? ती म्हणाली, "पहिल्याच उन्हाळ्यात. पाणी घालायला कुणी आलं नाही. फोटो काढायला मात्र दोनदा आले." एका काडीवर माझ्याच एका दाखल्याच्या वर्षाची चिठ्ठी होती.

परत येऊन साहेबांना अहवाल दिला. ते म्हणाले, कागद तर बरोबर आहेत. अहवाल फाइलला लागला. सगळीच झाडं अशी नसतात, काही ठिकाणी मी डोळ्यांनी दाट रान पाहिलंय. पण त्या दिवसानंतर मला माझा धूर दुसऱ्या कुणाच्या गळ्यात बांधता येईना. म्हणून मी येत नाही. मन नाही म्हणून नव्हे. मन तर दर रविवारी तुझ्या जिन्यात येऊन उभं असतं.

ठिणगी


१६ नोव्हेंबर

ठिणगे,

सोळा पोती म्हणजे किती, ठाऊक आहे तुला? सकाळची शिफ्ट सुरू झाली की चहाच्या सुट्टीपर्यंत मी आणि माझा जोडीदार सोळा पोती भट्टीत टाकून, राख ओढून मोकळे झालेले असायचो. माझ्या चहाच्या सुट्टीआधीच्या धुरापायी माझी पोर तीन वर्षं दाराशी आली नाही. हसावं की रडावं ते कळेना, म्हणून दोन्ही थोडं थोडं केलं.

त्या शेळ्यावाल्या बाईचं वाचून मात्र हसू आलं नाही. तुला एकटीला ते बघावं लागलं. मला तेव्हाच का नाही लिहिलंस?

असो. आता माझं ऐक. दुसऱ्याच्या डोंगरावरची झाडं तुला दिसत नाहीत, पण माझ्या पायाखालचा बॉयलर मला दिसतो. आमच्या इमारतीच्या तळघरात बारा घरांना ऊब आणि गरम पाणी देणारा डिझेलचा बॉयलर आहे. काल पहिल्यांदाच खाली उतरून त्याची भेट घेतली. निवृत्त झाल्यावर बॉयलरचं तोंड बघायचं नाही असं ठरवलं होतं, म्हणून इतकी वर्षं गेले नव्हते. काय त्याची दशा केली आहे. पाइप उघडे, हात लावला तर चटका बसतो. म्हणजे निम्मी उष्णता तळघरातल्या उंदरांना. आत काजळीचा थर. दरवाजाच्या कडेने वाफेसारखा गरम झोत. आणि वर गंमत अशी की पहिल्या मजल्यावरचे लोक उकडतं म्हणून ऐन थंडीत खिडक्या उघडतात आणि चौथ्या मजल्यावरची माणसं घरात कोट घालून बसतात. चौथा मजला तक्रार करतो, म्हणून इमारतीचे सेक्रेटरी बॉयलर आणखी चढवतात, म्हणून पहिला मजला आणखी खिडक्या उघडतो. असं किती वर्षं चाललंय देव जाणे.

तर मी ठरवलंय. या हिवाळ्यात मी इथून सोळा पोती वाचवणार. ती तुझ्या नावाने. मग तू ये. तुझी कंपनी तपासते तसं मला तपास. काय काय बघता ते लिहून पाठव. काड्यांना चिठ्ठ्या लावून मी तुला फसवणार नाही.

मावशी


३० नोव्हेंबर

माझ्या नव्या कंत्राटदार मावशीस,

तुझं पत्र वाचून बसमध्ये इतकी हसले की शेजारचे गृहस्थ सरकून बसले. पण तू म्हणतेसच तर तपासनीस म्हणून लिहिते.

एक, जे आपोआप होणारच होतं ते मोजायचं नाही. उद्या सेक्रेटरी नवा बॉयलर बसवणार असतील, तर तुझं श्रेय बाद. दुसरं, मागच्या हिवाळ्यात किती डिझेल लागलं ते आधी लिहून काढायचं, नाहीतर वाचलं कशावरून म्हणायचं? तिसरं, इथे वाचलं आणि तिथे जळलं असं नको. म्हणजे पाइप गार झाले म्हणून बाराही घरांनी विजेच्या शेगड्या लावल्या तर सगळं मुसळ केरात. आणि शेवटचं माझ्या पदरचं, कुठल्याच नियमावलीत नसलेलं: तू स्वतः थंडीत कुडकुडून वाचवलेलं एक किलोसुद्धा मी धरणार नाही. तुझा हीटर चालू राहिला पाहिजे.

आणि स्टुलावर चढू नकोस. तुला ओळखते म्हणून लिहिते.

इकडे थोडी गडबड आहे, नंतर कळवेन.

ठिणगी


९ जानेवारी

तपासनीस बाईसाहेब,

लिहायला उशीर झाला, कारण हात काळे होते.

दुसऱ्या मजल्यावर शाळेतल्या बाई राहतात. गणित शिकवायच्या, आता निवृत्त आहेत. त्यांना तुझं पत्र वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, ही मुलगी माझ्या वर्गात असती तर मी तिला पुढच्या बाकावर बसवलं असतं. डिझेल मोजायचं काम त्यांनी अंगावर घेतलं. टँकर येतो तेव्हा कोट घालून, वही घेऊन खाली उभ्या राहतात. टँकरवाला त्यांना घाबरतो.

सेक्रेटरींशी आधी वाजलं. ते म्हणाले, आजी, हे तुमचं काम नाही, इथे कंपनीचा माणूस येतो. मी म्हटलं, येतो तो वर्षातून एकदा येतो आणि वहीवर सही करून जातो, मी दाखवते चला. त्यांना खाली नेलं, बॉयलरची झाकणी उघडायला लावली आणि आत बॅटरी मारली. नखाएवढी जाड काजळी. मी विचारलं, "तुम्ही चहाचं पातेलं असं ठेवाल का?" पुढच्या आठवड्यात त्यांनी कंपनीच्या माणसाला बोलावलं. मी खुर्ची टाकून त्याच्या मागे बसले आणि एकेक नळी ब्रशने साफ करून घेतली. पोरगा चांगला होता, फक्त त्याला आजवर कुणी बघत बसलं नव्हतं. जाताना म्हणाला, "आजी, आमच्या ऑफिसात येता का?"

मग चौथ्या मजल्यावर गेले. तिथल्या खोल्या तापवणाऱ्या रेडिएटरमध्ये हवा अडकली होती. किल्लीने स्क्रू सैल केला, फुस्स करून हवा निघाली, काळं पाणी आलं आणि अर्ध्या तासात रेडिएटर तापला. तिथे एक नवी नवरी राहते, तिने माझा काळा हात धरून गालाला लावला. त्या घरात दोन हिवाळे कुणी कोट काढला नव्हता. मग खालच्या मजल्यांच्या रेडिएटरचे नळ थोडे आवळले. आता पहिल्या मजल्याच्या खिडक्या बंद असतात आणि बॉयलर सहा अंश खाली चालतो. अजून कुणी तक्रार केलेली नाही. विजेच्या शेगड्या कुणी आणल्या नाहीत, हे बाई घरोघरी विचारून आल्या.

पाइपांना गुंडाळी करायचं काम चालू आहे. माझा हीटर चालू आहे. स्टुलाबद्दल तू काही लिहिलं होतंस का? शाई फुटली होती, नीट दिसलं नाही.

आणि ती तुझी गडबड काय ते लिही. "नंतर कळवेन" हे मी तुला शिकवलेलं नाही.

मावशी


२५ जानेवारी

मावशी,

गडबड अशी की नोकरी गेली.

तू लिहिलंस, "त्याला आजवर कुणी बघत बसलं नव्हतं." ते वाचलं आणि आमच्या कचेरीतली नोव्हेंबरअखेरची गोष्ट आठवली. त्याच डोंगराच्या नावाने आणखी तीस हजार रोपांचे दाखले विकायला काढले होते. माझ्यापुढे सहीसाठी कागद आला. मी सही केली नाही. साहेब शांतपणे म्हणाले, विचार करून उद्या करा. दुसऱ्या दिवशीही केली नाही. महिन्याभराने सांगण्यात आलं की माझं पद आता लागत नाही. माझा जुना अहवाल मी, जे या कंपन्यांवर देखरेख करतात त्यांच्याकडे पाठवून दिलाय. त्याचं काय होईल माहीत नाही.

तुला लिहिलं नाही, कारण तू मग पैसे पाठवशील, ते मला नकोत. मी एका शाळेच्या भोजनगृहात दुपारचं काम धरलंय. चारशे मुलांच्या ताटल्या. वाया जाणारं अन्न किती, तेही मोजायला लागलेय, खोड जात नाही. मी ठीक आहे. खरंच.

चौथ्या मजल्यावरच्या नवरीला माझा नमस्कार सांग. तिचं ते मी दोनदा वाचलं. मी सहा वर्षं कचेरीत बसून हजारो टन "वाचवले" आणि माझ्यामुळे एकाही माणसाने कोट काढला नाही.

ठिणगी


२७ मार्च

चि. ठिणगी हिस अनेक आशीर्वाद.

पत्रास विलंब झाला, क्षमस्व. माझ्या उजव्या हाताला थोडी सूज असल्याने हे पत्र शेजारच्या बाईंकडून लिहून घेत आहे. प्रकृती उत्तम आहे. काळजीचे कारण नाही. पाइपांचे काम पूर्ण झाले. मागील हिवाळ्याच्या तुलनेत नऊशे लिटर डिझेल वाचले. तुझ्या मापाने वीस पोती होतात. सोळा हवी होती. तरी आता तू निर्धास्तपणे यावेस. घाई नाही, तुझ्या सवडीने, उन्हाळ्यात आलीस तरी चालेल.

नोकरीचे वाचले. योग्य केलेस.

तुझी,
मावशी


८ एप्रिल

मावशी,

"क्षमस्व" हा शब्द तू आयुष्यात उच्चारलेला नाहीस. "प्रकृती उत्तम आहे" असं तू कधी लिहीत नाहीस, "मरत नाही एवढ्यात" असं लिहितेस. माझी नोकरी गेल्याचं कळून तू दोन महिने गप्प राहिलीस आणि मग दोन शब्दांत संपवलंस. एक शिवीसुद्धा नाही. "घाई नाही" हे तर तुझं नव्हेच. तू तीन वर्षं घाई करते आहेस.

हे पत्र बाईंनाही वाचायला मिळणार, हे गृहीत धरून विचारते. बाई, तिला काय झालंय?

ठिणगी


१९ एप्रिल

प्रिय मुली,

तुझ्या मावशीने मला शपथ घातली होती. चाळीस वर्षं मी मुलांना खरं बोलायला शिकवलं, तेव्हा ही एक शपथ मोडायला हरकत नसावी.

फेब्रुवारीच्या आठ तारखेला त्या तळघरात पडल्या. छताजवळच्या पाइपाचं शेवटचं वळण गुंडाळायचं राहिलं होतं. मी म्हटलं होतं, कुणाला तरी बोलावू. त्या म्हणाल्या, एवढ्याशासाठी कशाला. स्टूल सरकलं. उजवं मनगट मोडलं आणि खुब्याचं हाड. रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली, पाच आठवडे तिथे होत्या. तुझं नोकरीचं पत्र मीच त्यांना खाटेपाशी वाचून दाखवलं. ऐकून त्या म्हणाल्या, "पोरीने सही नाही केली." दुसऱ्या दिवशी नर्सला, डॉक्टरांना, शेजारच्या खाटेवरच्या बाईला, सगळ्यांना तेच सांगितलं.

आता घरी आहेत. वॉकर घेऊन न्हाणीघरापर्यंत जातात. चौथ्या मजल्यावरची मुलगी सकाळी येते, मी दुपारी असते, सेक्रेटरी संध्याकाळी पेपर वाचून दाखवतात, म्हणजे ओरडतात. हाल नाहीत. पण जेवण कमी झालंय आणि दुपारी त्या दाराकडे तोंड करून बसतात.

तुला का कळवायचं नाही, असं मी विचारलं होतं. त्यांचं उत्तर जसंच्या तसं देते. "कळलं तर ती येईल. आपलं ठरवलेलं मोडून येईल. मला ती भीतीने यायला नकोय, बाई. तिचं ठरवलेलं न मोडता ती यावी म्हणून तर हे सगळं केलं."

डिझेलची वही सोबत पाठवते. लिटर आणि तारखा, माझ्या अक्षरात. तपासून पाहा.

तुझ्या मावशीची शेजारीण


१ मे

माझी मावशी,

बाईंशी फोनवर बोलले, त्यांनी तुला ओरडून सांगितलंही असेल. तरी तुला नीट ऐकू येतं ते कागदावरच, म्हणून लिहिते. पत्र थोडं आधी पोचेल, मागून मी.

आधी तपासणीचा निकाल. बाईंची वही मी दोन रात्री घेऊन बसले. इतकी स्वच्छ नोंद मी कचेरीत सहा वर्षांत पाहिली नाही. नऊशे लिटर वाचले हे खरं. पण तुमच्याकडचं तापमान मी काढून बघितलं. यंदाचा हिवाळा मागच्यापेक्षा सौम्य होता. चारशे लिटर त्याने वाचवले, तू नाही. तुझे पाचशे. म्हणजे अकरा पोती. रागावू नकोस, तूच म्हणालीस काड्यांना चिठ्ठ्या लावायच्या नाहीत. ही अकरा पोती मात्र खरी आहेत, आणि पुढच्या वर्षीही वाचतील, त्याच्या पुढच्या वर्षीही, तू काहीही न करता. मी सही करते. बऱ्याच दिवसांनी कुठल्या कागदावर मनापासून सही करते आहे.

आता दुसरं. ही पोती मी माझ्या नावावर घेणार नाही. बाई म्हणतील, वजाबाकी करून टाक. नाही करणार. तू वाचवलेला धूर तुझा आणि त्या बारा घरांचा. मी विमानात बसेन त्याचा धूर माझा, तो कशानेही पुसला जात नाही. तो मी माझ्या तक्त्यात, माझ्या अक्षरात लिहिणार आहे. माझं ठरवलेलं मोडतंय का? हो, मोडतंय. तुझ्यासाठी मोडतंय, आणि मला त्याची लाज वाटत नाही. तू मला भीतीने यायला नको म्हणालीस. मला भीती वाटतेच आहे, खोटं कशाला सांगू. पण नुसत्या भीतीने कुणी खोली रिकामी करत नाही.

कारण खोली रिकामी केली आहे मी. सायकल भोजनगृहातल्या मैत्रिणीला दिली. देखरेखवाल्यांचं पत्र आलं, ते त्या डोंगरावर माणूस पाठवणार आहेत. माझं इथलं काम तेवढंच होतं.

तेव्हा सोळा पोती नाहीत, आठ. येण्याची फक्त. परतीचं तिकीट काढलेलं नाही.

शिव्या तयार ठेव. स्टुलाच्या वेगळ्या, नोकरीच्या वेगळ्या.

तुझी ठिणगी


२२ ऑक्टोबर

ठिणगे,

डाव्या हाताने लिहायला लागले होते, ते आता उजव्याला जमेना म्हणून दोन्हींनी आळीपाळीने लिहिते. अक्षर बदललं म्हणून बाईंना फोन करू नकोस.

घर चार दिवसांत मोठं झालंय. तू पाच महिने इथे होतीस तर मला वाटायचं, ही पोर किती भांडी काढते. आता एकच कप विसळते आणि बाकीच्यांकडे बघते.

तुझं पत्र मिळालं. रेल्वेने तीन तासांवरच्या गावातून पत्र पाठवतेस, सेक्रेटरी हसत होते. म्हणाले, मोबाइल असताना. मी म्हटलं, तुम्ही मला रोज संध्याकाळी ओरडून दाखवता, तिचं शांतपणे ऐकू येतं.

तिथल्या रुग्णालयाच्या बॉयलरची गळती शोधायचं काम तुला मिळालं, ते वाचलं. मी जिथे पडून होते त्या रुग्णालयानेच तुझं नाव त्यांना सुचवलं, म्हणजे माझी पाच आठवड्यांची बडबड वाया गेली नाही. मी त्या डॉक्टरांना रोज सांगायचे, तुमच्या भिंतीतून वाफ गळते आहे, मला खाटेवर झोपून कळतं. त्यांना वाटायचं भूल उतरली नाही.

तू लिहितेस की बॉयलर प्रचंड आहे आणि तुला भीती वाटते. वाटू दे. पहिल्या दिवशी काहीही फिरवू नकोस. नुसती खोलीत उभी राहा आणि हात पाठीमागे बांध. कुठे ऊब लागते ते बघ, जिथे लागायला नको तिथे लागली की खडूने खूण कर. तिथे बॉयलर चालवणारा जो कुणी असेल त्याला आधी विचार, तुम्हाला काय वाटतं? त्याला बहुतेक सगळं ठाऊक असतं, कुणी विचारलेलं नसतं. त्याचा चहा नाकारू नकोस. आणि मोजल्याशिवाय कुणाला आकडा सांगू नकोस, पण हे मी तुला काय सांगायचं.

माझं म्हणशील तर काल काठी घेऊन खालच्या दुकानापर्यंत गेले आणि आले. चौथ्या मजल्यावरचीला बाळ होणार आहे. बाईंनी नवी वही आणली आहे, यंदा हिवाळा कडक पडावा असं म्हणतात, म्हणजे तुला काही कापता येणार नाही.

रात्री जिन्यात पाऊल वाजलं की अजून मान वर होते. मग लक्षात येतं, आज बुधवारच आहे.

शनिवारी येशील तेव्हा संध्याकाळच्या गाडीने ये, सकाळच्या गाडीला गर्दी असते.

मावशी